टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढल्यावर मुलाचं नक्की काय सुधारतं? (वय साडेसहा, रात्री श्वास अडकतो)

पेडण्याची_आई
३ मे, रात्री १:२०

नमस्कार सगळ्यांना. रात्रीचा एक वाजून गेलाय आणि मुलाच्या बाजूला बसून हे टाईप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मुलगा साडेसहा वर्षांचा. लहानपणापासून घोरतो. आधी आम्हाला गंमत वाटायची, आजोबांवर गेलाय म्हणून हसायचो. गेल्या वर्षभरात मात्र ते नुसतं घोरणं राहिलेलं नाही. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, कधी पालथा झोपला तर ढुंगण वर आणि डोकं उशीखाली. श्वास घेताना छाती आत जाते आणि पोट वर येतं, मग एकदम सगळं शांत. मी मनात मोजत बसते, एक दोन तीन करत काल बारापर्यंत गेले, मग घुसमटल्यासारखा मोठ्ठा श्वास घेतो, कूस बदलतो आणि परत पहिल्यापासून सुरू. सकाळी उशीवर लाळेचा हा एवढा डाग.

दिवसाचं सांगायचं तर सकाळी उठवणं म्हणजे रोजची लढाई, डोकं दुखतं म्हणतो. टीचरने सांगितलं की दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकतो आणि मधल्या सुट्टीनंतर उलट एका जागी बसत नाही, कुणाला ढकल, कुणाचं पेन घे. जेवायला पाऊण तास. मासळी खातो, पण चिकन चावून चावून ताटात काढून ठेवतो, मला वाटायचं नखरे करतो. आता कळलं की नाक बंद असेल तर एकाच वेळी चावणं आणि श्वास घेणं जमत नाही. वजन १६ किलो. आणि चौथ्या वर्षी सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय, हे घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

म्हापशाला एका ईएनटीला (कान-नाक-घशाच्या डॉक्टरला) दाखवलं, त्यांनी टॉन्सिल ग्रेड तीन, म्हणजे बरेच मोठे, सांगितले आणि एक्स-रेमध्ये नाकामागच्या गाठीमुळे, म्हणजे अ‍ॅडेनॉइडमुळे नाकामागची वाट बरीचशी बंद दिसतेय म्हणाले. मी मोबाईलवर काढलेला रात्रीचा व्हिडिओ दाखवला तो त्यांनी दोनदा बघितला आणि दोन्ही काढून टाका म्हणाले. त्याआधी वर्षभर ज्यांच्याकडे जात होतो त्या डॉक्टरांनी दर वेळी सर्दी म्हणून अँटिबायोटिक दिलं, सहा कोर्स झाले, रात्री कसा झोपतो हे एकदाही विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही सांगितलं नाही, घोरणं ही डॉक्टरला सांगायची गोष्ट असते हेच माहीत नव्हतं.

आता घरात वाद. नवरा शिपवर आहे, ऑगस्टमध्ये येईल, फोनवर म्हणतो तू ठरव. सासूबाई म्हणतात भुरग्याच्या गळ्याला सुरी लावायची कशाला, मोठा झाला की जिरतं आपोआप, आणि टॉन्सिल काढले की अंगातली ताकद जाते. सासरे काही बोलत नाहीत, नुसते रात्री दारात येऊन उभे राहतात.

मला एवढंच कळायचंय की ज्यांनी केलं त्यांच्या मुलांचं नक्की काय बदललं? अभ्यास, लक्ष, चिडचिड, झोप, सगळंच सुधारतं का? की आम्ही उगाच मोठ्या आशा लावून बसू?

---

फोंड्याचा_बाबा
३ मे, सकाळी ७:०५

ताई, आधी तुम्ही झोपा थोड्या.

आमच्या मुलीचं चार वर्षांपूर्वी केलं, तेव्हा ती पाच वर्षांची होती, अगदी हीच लक्षणं. झोप पहिल्या आठवड्यातच बदलली, म्हणजे सूज उतरल्यावर, सुरुवातीचे तीन-चार दिवस उलट जास्त घोरत होती, त्याने घाबरू नका. भूक वाढली ती महिन्याभराने. आमच्याकडे पाव खायचा कंटाळा करणारी पोर पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकून गेटवर पळायला लागली. अभ्यासाचं म्हणाल तर जशी होती तशीच आहे, गणितात कच्ची, चित्रकलेत पक्की.

आमच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी एक फॉर्म भरून घेतला होता, ओएसए-१८ नावाचा. १८ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ७ मार्क, गेल्या चार आठवड्यांत असं किती वेळा झालं ते लिहायचं. म्हणजे कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त १२६. ६० च्या खाली असेल तर त्रासाचा रोजच्या जगण्यावर फारसा परिणाम नाही, ८० च्या वर असेल तर खूपच. झोप, नाक-घसा, स्वभाव, दिवसाची सुस्ती असं सगळं आहे त्यात, पण शेवटचे चार प्रश्न मुलाबद्दल नाहीतच, आईबापाबद्दल आहेत. मुलाला पुरेशी हवा मिळत नाही याची काळजी वाटली का, तुमची रोजची कामं अडली का, असे. तिथे आमची बायको रडली. तोपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्हीही मागून घ्या तो फॉर्म, आधी एकदा आणि नंतर एकदा भरा, म्हणजे फरक पडला की नाही यावर घरात भांडण होत नाही.

---

जरा_थांबा
३ मे, दुपारी १२:४०

मी दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका.

माझ्या मुलालाही सहाव्या वर्षी ऑपरेशन सांगितलं होतं. आम्ही दुसरं मत घेतलं, त्यांनी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे दिला, दोन महिने रोज. शिवाय गादी उन्हात टाकणं, कपाटामागची बुरशी पुसणं, मांजर बेडरूमबाहेर. आज तो दहाचा आहे आणि शांत झोपतो. अ‍ॅडेनॉइड साधारण पाच ते सात वर्षांपर्यंत वाढतात आणि मग आपोआप आकसायला लागतात, तेव्हा तुमच्या सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

आणि तो डेन्मार्कचा अभ्यासही वाचा, २०१८ चा, १९७९ ते १९९९ मध्ये जन्मलेल्या जवळपास १२ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या त्यांनी. लहानपणी टॉन्सिल काढलेल्यांना पुढे श्वसनाचे आजार जास्त झालेले दिसले. गळ्यातला अवयव आहे, देवाने उगाच नाही ठेवला.

---

आकडेमोड
३ मे, रात्री ९:५५

मी डॉक्टर नाही, आकडेवारीवर पोट चालतं, आणि पुतण्याच्या वेळी हे सगळं खोदून काढलं होतं म्हणून लिहितो, लांब होईल.

आधी डेन्मार्क. अभ्यास खरा आहे, पण ती नुसती जुनी नोंदवही तपासलेली आहे. ज्या पोराला आधीपासून सतत सर्दी-खोकला-घसा आहे त्याचेच टॉन्सिल काढले जातात, मग पुढे त्यालाच आजार जास्त दिसले तर दोष ऑपरेशनचा की पोराच्या मूळ प्रकृतीचा? त्यांनी हिशोबात हे धरायचा प्रयत्न केलाय, पण असल्या अभ्यासातून ते पूर्ण सुटत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून मुलं दोन गटांत वाटावी लागतात, अर्ध्यांचं ऑपरेशन लगेच, अर्ध्यांनी थांबायचं.

असे अभ्यास अमेरिकेत झालेत. मोठा पहिला २०१३ मध्ये छापून आला, नाव चॅट, ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं, सगळ्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास स्लीप स्टडीत (रात्रभर झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीत) सिद्ध झालेला. सात महिन्यांनी बघितलं. आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मुख्य तपासणी होती लक्ष आणि मेंदूच्या कामाची, म्हणजे परीक्षकाने समोर बसवून घेतलेली चाचणी. त्यात दोन गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. पण झोप, वागणूक, त्रासाची लक्षणं आणि रोजचं जगणं, या सगळ्यात ऑपरेशन झालेली मुलं बरीच पुढे. स्लीप स्टडी नॉर्मल आली ती ऑपरेशनवाल्यांत ७९ टक्के मुलांची.

आता 'जरा थांबा' भाऊंसाठी: थांबलेल्यांतही ४६ टक्के मुलांची स्लीप स्टडी सात महिन्यांत नॉर्मल झाली. तेव्हा तुमच्या मुलाचं झालं ते नवल नाही, जवळजवळ अर्ध्यांचं होतं. फक्त हेही बघा की फार गंभीर मुलं त्या अभ्यासात घेतलीच नव्हती, आणि थांबलेल्या मुलांचं दिवसाचं वागणं नि जगणं तेवढं सुधारलं नाही.

दुसरा २०२३ चा, पॅट्स, ३ ते १२ वयाची साधारण ४६० मुलं, यांचं नुसतं घोरणं आणि अगदी सौम्य त्रास. बारा महिन्यांनी परत तेच. लक्ष आणि कामाची आखणी यात फरक नाही, पण वागणूक, लक्षणं, जगण्याची प्रत सुधारलेली. आणि ब्लड प्रेशरही थोडं उतरलेलं, ते माझ्या मते जास्त बोलकं आहे. कारण यात एक गोम आहे. वागणूक नि जगण्याचे फॉर्म भरतात आईबाप, आणि त्यांना माहीत असतं की पोराचं ऑपरेशन झालंय. एवढं सगळं सोसल्यावर कोण लिहील की काही फरक नाही? ब्लड प्रेशर मोजणाऱ्या पट्ट्याला मात्र आईची माया नसते.

तेव्हा मार्कांसाठी करत असाल तर करू नका. झोप, चिडचिड, जेवण, घरातली शांतता यासाठी करत असाल तर आकडे तुमच्या बाजूचे आहेत. बारापर्यंत मोजायला लागणं हे मला तरी 'थांबून बघू' मधलं वाटत नाही.

---

पेडण्याची_आई
३ मे, रात्री ११:१०

देव बरें करूं तुमचं सगळ्यांचं. आकडेमोडदादा, तुमची पोस्ट सासऱ्यांना वाचून दाखवली. ते एवढंच म्हणाले, "ब्लड प्रेशर? ह्या वयात?" आणि आत गेले.

मग स्लीप स्टडी करायलाच हवी का? आम्हाला सांगितलेली नाही. आणि खर्च, प्रायव्हेटमध्ये साठ-पासष्ट हजार सांगितलेत.

---

रात्रपाळी
४ मे, पहाटे ५:४८

ड्युटी संपवून लिहितेय. सिस्टर आहे, ईएनटी वॉर्डात बरीच वर्षं काढलीत, कुठल्या हॉस्पिटलात ते राहू दे.

स्लीप स्टडी प्रत्येकाला लागत नाही. लक्षणं आणि तपासणी जुळत असेल तर बरेच डॉक्टर त्याशिवाय करतात. दोन वर्षांच्या आतलं मूल, जास्त वजन, डाउन सिंड्रोम, चेहऱ्याच्या हाडांची ठेवण वेगळी, स्नायूंचा आजार, किंवा लक्षणं एक सांगतायत आणि घसा दुसरं, अशा वेळी मात्र आधी करून घ्यावी. केलीत तर रिपोर्ट वाचताना एक लक्षात ठेवा, मोठ्यांना झोपेत तासाला श्वासाचे पाचपर्यंत अडथळे चालतात, मुलांना एकाच्या वर गेलं तरी ते नॉर्मल धरत नाहीत, आणि दहाच्या वर म्हणजे गंभीर. नेटवरचा मोठ्यांचा तक्ता लावून लोक निश्चिंत होतात.

खर्चाचं. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात ईएनटी आहे, तिथे दाखवा, लाईन असते पण माणसं जाणती आहेत. दीनदयाळ (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड असेल तर तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त असतील तर ४ लाखांचं कव्हर आहे, तुम्हाला हवं ते हॉस्पिटल आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का ते आधी काउंटरवर विचारा. प्रायव्हेट पॉलिसी असेल तर बारीक अक्षरं वाचा, टॉन्सिलला बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांचं वेटिंग असतं.

आता कुणी नीट सांगत नाही ते. भूल उतरताना मूल रडतं, हातपाय झाडतं, आईलाही ओळखत नाही, अर्ध्या-पाऊण तासात उतरतं. दुसऱ्या दिवशी बरं दिसतं आणि आईबाप खूश होतात. खरं दुखणं तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर. कान दुखतो म्हणेल, कानात काही नसतं, घशाचीच कळ तिकडे जाते. घशात पांढरा थर दिसेल आणि तोंडाला घाण वास येईल, तो पू नाही, खपली आहे, खरवडू नका. पॅरासिटॅमॉल दुखेल तेव्हा नाही, घड्याळ लावून द्यायचं, रात्री उठवूनसुद्धा. आयब्युप्रोफेन डॉक्टरने सांगितलं तर चालतं, अ‍ॅस्पिरिन नाही, आणि घरात जुनी कोडीनवाली खोकल्याची बाटली असेल ती तर मुळीच नाही, तिने काही मुलांचा श्वास मंदावतो.

प्यायला सतत देत राहा. उकड्या तांदळाची पेज कोमट करून, आडसराचं (शहाळ्याचं) पाणी, आइस्क्रीम हवं तर द्या. सोलकढी नको, आंबट झोंबतं.

आणि रक्त. पहिले २४ तास आणि मग पाचव्या ते दहाव्या दिवसात, खपली सुटताना. शंभरात थोड्याच मुलांना होतं, पण होतं. लाल ताजं रक्त थुंकलं, किंवा झोपेत सारखं सारखं गिळतंय असं वाटलं, तर सकाळची वाट बघायची नाही, फोन करत बसायचं नाही, गाडीत घालून निघायचं. म्हणून पावसात करणार असाल तर रात्री दोनला गाडी कुणाची ते आधी ठरवून ठेवा. दोन आठवडे लांब प्रवास, गावची जत्रा, पोहणं सगळं बंद.

अंगातली ताकद जाते म्हणणाऱ्या आजी वॉर्डात रोज भेटतात. टॉन्सिल हे रोगाशी लढणाऱ्या टोळीतले दोन शिपाई, टोळी मोठी आहे.

---

मडगावची_माई
४ मे, सकाळी १०:३०

सगळं छान छान वाचून झालं म्हणून सांगते, आमचं पूर्ण बरं झालं नाही. मुलाचं वजन जास्त होतं, ऑपरेशननंतर पाच-सहा महिने मस्त गेले आणि पाऊस लागल्यावर घोरणं परत सुरू. घर जुनं, जुलैत भिंतींना घाम फुटतो, त्यात त्याला अ‍ॅलर्जी. नंतर स्लीप स्टडी केली, थोडा त्रास शिल्लक निघाला. लठ्ठ मुलांत असं जास्त होतं हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं आणि आम्ही ऐकलं नाही, नवरा म्हणतो दुसरं. आता स्प्रे आणि वजन दोन्ही चालू आहे. स्प्रे मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेने धरायची, आम्ही वर्षभर चुकीचा मारत होतो आणि नाकातून रक्त आलं की उष्णता म्हणायचो. तरी ऑपरेशन केल्याचा पस्तावा नाही, आधी तो उठून बसून झोपायचा, ते तरी थांबलं.

तुमचा बाबू बारीक आहे, तुमचं बरं होईल.

---

पेडण्याची_आई
१४ ऑगस्ट, दुपारी ३:१५

बरेच दिवसांनी येतेय. ज्यांनी मेसेज केले त्यांना उत्तर दिलं नाही, माफ करा.

दोन महिने स्प्रे मारला, सासूबाईंचा मान राखायला आणि जरा थांबाभाऊंचाही. नाक थोडं मोकळं झालं पण रात्रीचं मोजणं थांबलं नाही. शेवटी २ जुलैला ऑपरेशन झालं. नवऱ्याची वाट बघितली नाही. फॉर्म मागून घेतला होता, आधी ८८ आले होते, शेवटच्या चार प्रश्नांना मी सगळीकडे सात लिहिलेले.

सिस्टर, तुमची पोस्ट प्रिंट काढून फ्रिजला लावली होती. सहाव्या दिवशी पहाटे तीनला पाऊस मी म्हणत होता आणि उशीवर रुपयाएवढा लाल डाग. तोंड उघडून बघितलं तर परत थोडं आलं. शेजारच्यांची गाडी ठरवून ठेवली होती ती पाच मिनिटांत दारात, सासरे पुढच्या सीटवर छत्री उघडीच घेऊन बसले, मिटायचं भानच नाही. पोचेपर्यंत थांबलं होतं, एक दिवस ठेवून घेतलं, सलाईन लावलं, परत काही झालं नाही. आधी वाचलं नसतं तर मी लाळेचा डाग म्हणून उशी उलटली असती.

परवा फॉर्म परत भरला. ३३. आकडेमोडदादा, आईची माया वजा करून घ्या हवी तर, पण चादर पाच आठवडे कोरडी आहे आणि ती चादर मी धुते, त्यात मायेचा प्रश्न नाही. वजन १७ किलो २०० ग्रॅम. चिकनची तंगडी हातात धरून खाल्ली. टीचर म्हणाली झोपत नाही आता. अक्षर मात्र तसंच, डुकराच्या शेपटीसारखं, आणि गृहपाठाला बसवताना तोच तमाशा. ते तुम्ही सांगितलंच होतं म्हणून वाईट वाटलं नाही.

एक विचारायचं राहिलं. आवाज बदललाय त्याचा, बारीक आणि थोडा नाकातला. आजोबा दर वर्षी चवथीला घुमट (मातीचं वाद्य) घेऊन बसतात आणि हा बाजूला आरती म्हणतो, तर आता आजोबांना तीच चिंता लागलीय, मला चार वेळा विचारून झालं. जागेवर येतो ना?

---

रात्रपाळी
१४ ऑगस्ट, रात्री ८:०२

येतो. नाकामागे मोठी गाठ होती ती गेली, जागा एकदम मोकळी झाली, ती कशी बंद करायची हे टाळूच्या स्नायूंना शिकायला वेळ लागतो. काही आठवडे ते दोन-तीन महिने. पाणी पिताना नाकातून येत नाही ना? येत असेल आणि तीन महिन्यांनंतरही थांबलं नाही तर दाखवा, नाहीतर म्हणू दे आरती जोरात, उलट बरंच आहे ते.

नेवऱ्यासुद्धा खाऊ दे आता. सहा आठवडे झाले.